"स्लाइड केलं की मी परत तोच मुलगा"

१३ सप्टेंबर २०२४, शुक्रवार. सकाळी आठच्या आत फोन वाजला. "ताई, कालची मॅच बघितलीत का? मला रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही."

आदल्या रात्री मायामीत डॉल्फिन्स आणि बफलो बिल्स या अमेरिकन फुटबॉलच्या संघांचा सामना होता. डॉल्फिन्सचा क्वार्टरबॅक टुआ टॅगोवायलोआ बॉल घेऊन पळाला आणि समोर बिल्सचा बचावपटू हॅम्लिन दिसत असताना, खाली घसरून थांबायचं सोडून, डोकं-खांदा पुढे घालून त्याच्यावर आदळला. खाली पडला तेव्हा त्याचा हात हवेत ताठ झाला होता. एनएफएलमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, निदान झालेलं त्याचं हे तिसरं कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. ज्याच्यावर तो आदळला त्या डामार हॅम्लिनचं हृदय जानेवारी २०२३ मध्ये भर मैदानात बंद पडलं होतं, हेही फोन करणाऱ्या या आईच्या लक्षात होतं.

"आमचा अगदी अस्साच पळतो हो. बंद करू का त्याचा खेळ?"

हा प्रश्न मला दर वर्षी ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात कुणी ना कुणी विचारतं. मी टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेला समुपदेशन करते. इथे फुटबॉल म्हणजे हेल्मेट-पॅडवाला, आणि शुक्रवारची रात्र म्हणजे शाळेचा सामना. शेजारच्या ॲलन गावात शाळेचं अठरा हजार प्रेक्षकांचं स्टेडियम आहे, यावरून काय ते समजा. या घराची गोष्ट त्यांच्या परवानगीनं सांगते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलून. मुलाला सात नंबर म्हणते. वय सोळा. आईवडील दोघंही सांगलीकडचे.

क्वार्टरबॅक हा संघाचा मेंदू. बॉल त्याच्या हातात येतो आणि फेकायचा, द्यायचा की स्वतः घेऊन पळायचं हे तो ठरवतो. पळताना पाय पुढे करून जमिनीवर घसरला, म्हणजे स्लाइड केलं, की खेळ तिथेच थांबतो आणि त्यानंतर त्याला धडक देणाऱ्याला दंड होतो. सात नंबर स्लाइड करतच नसे. लाइनबॅकर, म्हणजे समोरचा धिप्पाड बचावपटू, अंगावर आला की हा खांदा खाली घालून त्याच्यात घुसायचा, नाहीतर वरून उडी मारायचा. ती उडी जॉश ॲलनची. तो सहा फूट पाच इंचांचा, बिल्सचा क्वार्टरबॅक, आणि त्या गुरुवारी जिंकलाही तोच. सात नंबरची उंची पाच फूट नऊ.

पहिल्या भेटीत माझी चूक झाली. मी त्याला धोका समजावत बसले. हेल्मेट कवटी वाचवतं, पण आतल्या मेंदूचं हलणं ते थांबवू शकत नाही. डोकं खाली घातलं की मानेचा बाक जातो, मणके एका रेषेत येतात आणि सगळा आघात त्यांच्यावर येतो. हेल्मेट पुढे करून घुसण्यावर १९७६ पासून बंदी आहे ती त्याचसाठी. मग रॉबर्ट ग्रिफिनची हकीकत सांगितली. टेक्सासमध्येच वाढलेला, वेकोच्या बेलर विद्यापीठातून २०११ चा हाइझमन, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मिळवलेला. एनएफएलमध्ये वॉशिंग्टनच्या संघाकडून पहिल्याच वर्षी पळून आठशेच्या वर यार्ड केले. डिसेंबर २०१२ मध्ये गुडघा दुखावला, एकच सामना सोडून परत खेळायला उतरला, आणि जानेवारी २०१३ मध्ये सिएटलविरुद्ध त्याच गुडघ्याची लिगामेंट, म्हणजे हाडं जोडून ठेवणारे पट्टे, फाटली. तो वेग पुन्हा कधी दिसला नाही.

मुलानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण त्या वर्षी तो रूकी ऑफ द इयर झाला होता ना, मॅम?"

झाला होता, पहिल्या वर्षाच्या खेळाडूंमधला सर्वोत्तम. माझ्या गोष्टीचा शेवट त्याला दिसत होता, पण त्याला हवी होती ती सुरुवात. सोळाव्या वर्षी असंच असतं. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या संशोधकांनी २००५ मध्ये गाडी चालवण्याच्या एका व्हिडिओ गेमवर प्रयोग केला होता. मित्र बघत असले की किशोरवयीन मुलं एकट्यानं खेळताना घेतात त्याहून कितीतरी जास्त धोका पत्करत होती; मोठ्या माणसांना बघ्यांनी फारसा फरक पडत नव्हता. आता बघणारे दोन मित्र नसून भरलेलं स्टेडियम आहे असं धरा. घरी आई रोज जे सांगत होती ते या मुलाला समजत नव्हतं असं नाही. शुक्रवारी रात्री ते त्याच्या कामाचं नव्हतं.

म्हणून दुसऱ्या भेटीत मी धोक्याचा विषयच काढला नाही. एवढंच विचारलं, "स्लाइड केलंस तर काय होईल?"

बराच वेळ तो बुटाची लेस ओढत बसला. मग बोलला. नववीत संघात आला तेव्हा पोरं म्हणाली होती, तू इकडे कुठे, तू तर रोबोटिक्सवाला ना? दोन वर्षं तो तिसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक होता, म्हणजे कपडे घालून बाकावर. यंदा पुढचे दोघं निघून गेले, एक दुसऱ्या गावी आणि एक जखमी. पहिल्याच सामन्यात यानं आपल्याहून चाळीस पौंड जड असलेल्या सेफ्टीला, म्हणजे सगळ्यात मागच्या बचावपटूला, खांद्यानं पाडलं. अख्खी बेंच नाचली. सोमवारी कॅफेटेरियात त्याला बसायला जागा करून दिली गेली. "स्लाइड केलं की मी परत तोच मुलगा," तो म्हणाला.

हे वाक्य मी आजवर अनेक आईबापांना सांगितलं आहे. त्यांना मूल बेफिकीर वाटतं, पण या मुलाला फार मोठी फिकीर होती, फक्त ती गुडघ्याची नव्हती. आणि घरात 'स्लाइड कर, स्लाइड कर' असा धोशा लागल्यामुळे स्लाइड हा आईचा शब्द होऊन बसला होता. सोळा वर्षांचा मुलगा मैदानावर आईचा शब्द पाळताना दिसणार नाही.

तिसऱ्या भेटीला तो आला आणि खिडकीचा पडदा ओढायला लागला. मी कारण विचारलं. "नुसतं डोकं दुखतंय." कधीपासून? गेल्या शुक्रवारपासून. गणिताचं एकच पान तीनदा वाचावं लागत होतं. दुसऱ्या क्वार्टरमध्ये पळताना त्याला धडक बसली होती, थोडा वेळ दिवे दोन-दोन दिसले, आणि तो पुढे खेळला. ट्रेनरला, कोचला, घरी, कुणालाच बोलला नव्हता. परवा पुन्हा सामना होता.

मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवते की इथलं बोलणं इथेच राहील, जिवाशी खेळ असेल तेवढं सोडून. त्याला त्याची आठवण करून दिली. पहिला हादरा बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर कोवळ्या मेंदूला सूज येऊन जीव जाऊ शकतो. हे मी घाबरवायला सांगितलं नाही, सरळ सांगितलं. "आज, आत्ता, आईला कळायला हवं. तू सांगतोस की मी सांगू?"

तो रडला. जागा जाईल म्हणून रडला, डोक्यासाठी नाही. मग म्हणाला, "मी सांगतो. पण तुम्ही थांबा."

आई बाहेर गाडीत होत्या. ऐकल्यावर त्या ओरडल्या नाहीत, आणि त्या दिवशी त्यांच्याकडून घडलेली सगळ्यात मोठी गोष्ट मला हीच वाटते. त्या म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलंस," आणि गाडी डॉक्टरांकडे वळवली.

इथल्या पालकांनी हे जरूर लक्षात ठेवावं: टेक्सासच्या २०११ च्या कायद्यानुसार कन्कशनची शंका आली की मुलाला लगेच खेळातून बाहेर काढावं लागतं, आणि ही शंका कोच, डॉक्टर, परवानाधारक आरोग्य कर्मचारी यांच्याइतकीच आईवडिलांचीही चालते. डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय परत जाता येत नाही, आणि परत जाणं पायरीपायरीनं असतं: आधी हलका व्यायाम, मग धावणं, मग धडकेशिवायचा सराव, मग पूर्ण सराव, मग सामना. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस, आणि त्रास परत झाला की खाली उतरायचं. सात नंबरचे दोन सामने गेले. तिसरा त्यानं हट्टानं मागितला नाही.

या मधल्या काळात मी वडिलांना बोलावलं. तोवर ते या गोष्टीत कुठेच नव्हते. आई बोलत असताना ते गप्प बसत, आणि मुलगा त्या गप्प बसण्याचा अर्थ 'बाबांना आवडतंय' असा लावत होता. थोडं खरंही होतं ते. वडील कॉलेजात कबड्डी खेळलेले, चढाईपटू. मुलानं त्या सेफ्टीला पाडलं त्याचा व्हिडिओ त्यांनी इस्लामपूरच्या भावाला पाठवला होता.

मी त्यांना काही शिकवलं नाही. एवढंच म्हटलं, "चढाईबद्दल सांगा ना याला."

ते सांगायला लागले आणि त्यांचा आवाज बदलला. समोर सात जण, आपण एकटे. एकाला शिवायचं किंवा बोनस रेषा ओलांडायची, आणि परत यायचं. "मध्यरेषेला हात लागला तरच शिवल्याचा गुण. आत पकड झाली तर तू दोघांना शिवलं होतंस म्हणून घरी बसून सांगत बैस, गुण त्यांचा. आमचे सर म्हणायचे, मारून ये असं मी सांगत नाही, घेऊन ये." मग थांबून मुलाकडे बघून म्हणाले, "परत येणाऱ्याला आमच्याकडे कुणी भित्रा म्हणत नाही. तोच तर चढाईपटू."

मुलगा इतका वेळ जमिनीकडे बघत होता. त्यानं विचारलं, "बोनस म्हणजे फर्स्ट डाउनसारखं?" (चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे गेलं की फर्स्ट डाउन, म्हणजे पुन्हा चार प्रयत्न मिळतात.) पुढची वीस मिनिटं बापलेक एकमेकांना आपापला खेळ समजावत होते आणि मी नुसती बसून होते. ॲलनच्याच शाळेतून निघालेला एनएफएलचा क्वार्टरबॅक कायलर मरे केवढासा आहे आणि बेसबॉल खेळल्यामुळे किती झटकन घसरतो, हे मुलानंच बापाला सांगितलं. कोचही त्याला हेच सांगत असे, पण आता ते त्याच्या तोंडून आलं.

आईंना मी खोटा दिलासा दिला नाही. याच मरेचा गुडघा डिसेंबर २०२२ मध्ये कुणी हातही न लावता, नुसत्या पळण्यात फाटला. लिगामेंट गेलं की शस्त्रक्रिया आणि परत मैदानावर यायला नऊ महिने तरी जातात. स्लाइड शिकल्यानं नको त्या धडका टळतात, सगळा धोका टळत नाही. उरलेला धोका घराला पेलायचा आहे की नाही हे घरानं ठरवायचं, आणि 'नाही' ठरवलं तरी त्यात कमीपणा नाही. त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या. डोक्याचं दुखणं लपवलं तर तो मोसम संपला, यावर चर्चा नाही. आणि शुक्रवारी रात्री आईनं स्लाइड हा शब्द उच्चारायचा नाही, शनिवारी दुपारी हवं तर एखाद्या पळण्याबद्दल विचारायचं, "तिथे तुला काय दिसलं?"

ऑक्टोबरच्या शेवटी तो परत खेळला. त्या रात्री आईंचा मेसेज आला: एकदा घसरला, फर्स्ट डाउनला एक यार्ड कमी पडला, लोक हळहळले, आणि हे एकटे उभे राहून टाळ्या वाजवत होते. पुढच्याच मेसेजमध्ये: पण नंतर परत एकाच्या अंगावर गेला. शनिवारी त्यांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, ठरवायला उशीर झाला, आणि घसरायचं कसं ते मला नीट येतच नाही.

एप्रिलमध्ये त्यांनी एक व्हिडिओ पाठवला. घरामागच्या हिरवळीवर निळी ताडपत्री अंथरलेली, वडील बागेच्या पाइपनं तिच्यावर पाणी मारताहेत, आणि सात नंबर पळत येऊन डावा पाय दुमडून, हात वर करून घसरतोय. पहिल्या वेळी कुल्ल्यावर आपटला. वडील म्हणाले, "लवकर! त्याच्या अंगाचा वास यायच्या आत!" स्वयंपाकघराच्या खिडकीतून आईंचा आवाज येतोय, "अरे, माझी हिरवळ!" आणि तो परत पळत सुरुवातीच्या जागेवर जातोय.