लवणीतल्या दोऱ्या आणि एक गोळा

प्रश्न : माझं वय ५८. गुडघा दुमडला की मागे दोन्ही अंगांना ताठ दोऱ्या हाताला लागतात. मालिश करणारे म्हणतात, नसा सुजल्यात. अंगठ्याने दाबून ते त्या 'मोकळ्या' करतात. महिन्याभरापासून लवणीत, आतल्या अंगाला, मोठ्या गोटीएवढा गोळाही आलाय. उभं राहिलं की टणक, पाय दुमडला की मऊ. नस चढली असेल का?

उत्तर : आधी ती मालिश थांबवा. बाकीचं सावकाश सांगतो.

शरीररचना शिकवताना मी मुलांना पुस्तक मिटून स्वतःचाच गुडघा चाचपायला लावायचो. तुम्हीही खुर्चीत बसा, गुडघा काटकोनात ठेवा आणि टाच जमिनीत रोवून मागे ओढा. बाहेरच्या अंगाला एक जाड दोरी उभी राहील, आतल्या अंगाला बहुधा दोन बारीक. या नसा नव्हेत, मांडीच्या स्नायूंच्या कंडरा आहेत, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या. गुडघा वाकवायचं काम त्यांचंच, तेव्हा त्या ताठ लागणारच. आपण शिरेलाही नस म्हणतो, मज्जातंतूलाही आणि कंडरेलाही. सगळा घोळ तिथूनच.

खऱ्या 'नसा' या दोऱ्यांच्या मधल्या खळग्यात, म्हणजे लवणीत, असतात. खळगा पतंगाच्या आकाराचा. वरच्या दोन कडा मांडीच्या स्नायूंच्या, खालच्या दोन पोटरीच्या. आत चरबी, आणि तिच्यात एकाखाली एक तिघं जण : कातडीच्या बाजूला पोटरीकडे जाणारा मज्जातंतू, त्याखाली शीर, आणि तळाशी हाडाला बिलगून धमनी. इतक्या खोल म्हणजे सुरक्षित, असं मुलांना वाटायचं. पण मांडीचं हाड गुडघ्याच्या थोडं वर मोडलं, तर पोटरीचा स्नायू खालचा तुकडा मागे ओढतो आणि त्याची धार नेमकी धमनीवर येते. म्हणून अशा अपघातात डॉक्टर पावलातली नाडी तपासतात.

मालिशचा अंगठा मला खुपतो तो बाहेरच्या दोरीपाशी. तिच्या आतल्या कडेने दुसरा एक मज्जातंतू उतरतो. गुडघ्याच्या बाहेर, जरा खाली, हाडाचं एक टेंगूळ लागतं ना? त्याच्या खालून वळसा घेऊन तो पुढे येतो. तिथे तो कातडी आणि हाड यांच्यामध्ये जवळजवळ उघडाच असतो, बोटाखाली सरकतो. वर्गात दाखवायच्या भरात मी एकदा स्वतःचा जरा जास्तच सरकवला. पाऊल बराच वेळ मुंग्यांनी भरलेलं होतं. हा तंतू फार दबला तर पाऊल वर उचलत नाही, चालताना बोटं जमिनीला घासतात.

आता गोळा. जागा आणि टणक-मऊ होण्याची तऱ्हा पाहता ही बेकर सिस्ट असावी. बेकर या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८७७ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ते नाव. गुडघ्याची झीज झाली किंवा आतली गादी फाटली की सांध्यात पाणी वाढतं आणि मागे, दोन स्नायूंमधल्या पिशवीत साठतं. म्हणजे दुखणं सांध्याचं, गोळा त्याची खूण. नुसतं सुईने पाणी काढलं तर पिशवी पुन्हा भरू शकते. सोनोग्राफी करून घ्या आणि सांधा अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

गोळ्यावर तळवा टेकवून पाहा. तो नाडीसारखा उडत असेल तर ती धमनी फुगलेली असू शकते. मग थांबू नका. १७८५ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक जॉन हंटर यांनी अशाच फुगवट्यासाठी एका घोडागाडीवाल्याची धमनी गुडघ्यात न बांधता वर मांडीत बांधली. आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांनी रक्त पोचवलं आणि पाय वाचला.

आणि एखाद्या दिवशी गोळा एकदम नाहीसा झाला, पोटरी मात्र सुजून दुखायला लागली, तर बरं वाटलं असं समजू नका. पिशवी फुटली असेल. पण शिरेत गुठळी झाली तरी पोटरी अशीच दिसते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.