बांधाला एकाच जातीची झाडं लावावीत का?

प्रश्न : पिकांसोबत झाडं लावली की शेतातली जैवविविधता वाढते, असं सगळीकडे वाचायला मिळतं. आम्ही बांधाला लाकडासाठी लवकर वाढणारी, एकाच जातीची झाडं लावायचं ठरवलं आहे. त्यानेही तसाच फरक पडेल का? की उलट पाखरं वाढून पिकाचंच नुकसान होईल?

उत्तर : फरक पडेल, पण तुम्ही वाचलाय तेवढा नाही.

मी कीटकांचा अभ्यास करते, त्यामुळे अशा शेतात शिरले की माझी नजर आधी बुंध्याशी जाते. झाडांच्या रांगेला खेटून नांगर चालत नाही, म्हणून तिथली माती वर्षानुवर्षं उलटली जात नाही. तिथला पालापाचोळा हाताने हळूच बाजूला करून पाहा. वरची पानं कोरडी असतात. त्याखालची ओलसर, बुरशीच्या पांढऱ्या तंतूंनी एकमेकांना चिकटलेली. आणि तळाशी नुसत्या शिरांची जाळी उरलेली. गांडुळं, वाणी, कोळी आणि काळे चकचकीत भुंगेरे इथे राहतात. यातले बरेच भुंगेरे दिवसा इथे दडतात आणि रात्री पिकात शिरून अळ्या फस्त करतात. नांगरलेल्या उघड्या रानात त्यांना लपायला जागाच नसते. एवढा लाभ एका जातीच्या रांगेनेही थोडाफार मिळतो. मात्र निलगिरी लावणार असाल तर तोही कमी, कारण तिच्या पाल्याखाली इतर वनस्पती फारशा वाढत नाहीत.

खरी अडचण फुलांची आहे. सिरफिड माशीच्या अळ्या मावा खातात, पण मोठ्या माशीला मकरंद आणि परागकण लागतात. पीक फुलावर नसतं तेव्हा तिने जावं कुठे? एकाच जातीची झाडं एकदमच फुलतात आणि एकदमच थांबतात. त्यातून ती लाकडासाठी लवकर तोडली, तर त्यांना ढोल्या कधी होतच नाहीत, आणि उंदीर खाणाऱ्या कितीतरी घुबडांना ढोलीच हवी असते. कर्नाटकातल्या कोडगूच्या (कूर्गच्या) कॉफीमळ्यांत मूळच्या रानझाडांची जागा अनेक ठिकाणी सिल्व्हर ओक या लवकर वाढणाऱ्या, लाकडाच्या झाडाने घेतली. लांबून पाहिलं तर सावली तशीच वाटते; पण सिल्व्हर ओकला पाखरांनी खावं असं गरदार फळ धरत नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण झाडांची नुसती संख्या मोजणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही.

पाखरांची भीती अगदीच खोटी नाही. कणसाच्या पिकावर दाणे टिपणारे थवे उतरतात. पण त्यातल्या बऱ्याच जाती पिल्लांना किडेच भरवतात, आणि निव्वळ कीटकभक्षी पक्षी तर तुमच्या बाजूचेच. कोस्टा रिकात कॉफीची काही झुडपं जाळीने झाकून पक्ष्यांना दूर ठेवलं होतं. 2013मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जाळीतल्या झुडपांवर फळ पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचा प्रादुर्भाव जवळपास दुप्पट आढळला. जवळपास जंगलाचे तुकडे होते तिथे पक्ष्यांची ही मदत जास्त होती. म्हणून जंगल तोडून त्या जागी अशी शेती करणं हा तोट्याचाच सौदा. दाट जंगलात राहणाऱ्या कितीतरी जाती शेतातल्या झाडांवर येतच नाहीत.

आणखी एक, जे सहसा कुणी सांगत नाही : शेजारी गवताळ माळ असेल तर त्या बाजूला झाडं लावू नका. चंडोलासारखे जमिनीवर घरटं करणारे पक्षी उघड्यावरच राहतात. उंच झाड म्हणजे शिकारी पक्ष्याला बसायला आयती जागा, त्यामुळे चंडोल अशा जागा टाळतात.

लाकडाची झाडं जरूर लावा, पण त्यांच्यामध्ये निरनिराळ्या हंगामांत फुलणारी स्थानिक झाडं मिसळा. पिकापासून लांब, कोपऱ्यात एखादा उंबर किंवा वड कायमचा राहू द्या. इतर झाडांवर काही नसतं तेव्हाही त्याला फळं असू शकतात. पाला जाळू नका. लागवड आधीच झाली असेल तर जी रोपं मरतील, त्यांच्या जागी दुसऱ्या जातीची लावा.