पहिला ऑप्टिमस प्राइम घेताय? आधी एवढं बघा

स्वागत आहे! जी-वन ट्रान्सफॉर्मर्स (1984 पासूनची पहिल्या पिढीची, रूप बदलणारी रोबो खेळणी, ऑप्टिमस प्राइम त्यातलाच) गोळा करायचे म्हणजे मस्त छंद आहे, बिनधास्त सुरू करा. फक्त एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा, रीइश्यू म्हणजे नकली नाही. हॅस्ब्रो किंवा टाकारा या मूळ कंपन्यांनी स्वतः परत काढलेलं खेळणं अस्सलच असतं, फक्त 1984 चं नसतं. आणि शेल्फवर ठेवायला रीइश्यू घेण्यात काहीही कमीपणा नाही, मी तर नवीन माणसाला तेच सुचवतो.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते खेळण्याच्या अंगावर उमटवलेल्या सालावरून. ते साल कॉपीराइटचं असतं, बनवल्याचं नाही, त्यामुळे 2000 नंतरच्या रीइश्यूवरही ऐंशीच्या दशकातलंच साल दिसू शकतं आणि सेलर तेच दाखवून "ओरिजिनल" म्हणून भाव लावतो.

मग बघायचं काय?

- बॉक्सवर "टाकारा टोमी" असेल तर माल 2006 किंवा त्यानंतरचा, कारण टाकारा आणि टोमी या दोन कंपन्या तेव्हाच एक झाल्या.
- कॉपीराइटची अक्षरं जिथे हवीत तिथे गुळगुळीत किंवा खरवडलेलं असेल तर नकली समजा.
- क्रोम मळकट, स्टिकरची छपाई फिसकटलेली, सांधे ढिले, तर सोडून द्या.

रब साइन (घासल्यावर गटाचं चिन्ह दिसणारा छोटा स्टिकर) नाही म्हणून लगेच नकली म्हणू नका हां, ते 1985 ला आले, 1984 च्या पहिल्या मालावर नव्हतेच.

पैसे देण्याआधी कॉपीराइटच्या शिक्क्याचा जवळून फोटो मागा, टाळाटाळ करणाऱ्याकडून घेऊच नका. मोल्डमधले (साच्यातले) बारीक फरक नंतर सांगतो, आत्ता त्यात पडू नका.