लग्नाआधी हेअर ट्रान्सप्लांट, एफडी मोडून की 'नो कॉस्ट' हप्त्यांवर?

प्रश्न कोणी विचारलाय ते सांगत नाही, पण हिशोब सांगायला लागेल नाहीतर उत्तर कळणार नाही. वय २९, चाकणला एका कंपनीत नोकरी, हातात महिन्याला ४६,००० येतात. घरी स्थळं बघणं चालू आहे, वर्ष-दीड वर्षात लग्न होईल असं धरून चाललेत. केस २४व्या वर्षापासून मागे सरकतायत, वडिलांना पूर्ण टक्कल. पुण्यातल्या एका क्लिनिकने २,८०० ग्राफ्ट (मुळासकट काढून लावायचे केसांचे छोटे पुंजके) सांगितले, पॅकेज १,२०,०००. रोख भरले तर १२,००० कमी, नाहीतर १०,००० चे १२ 'नो कॉस्ट' हप्ते, ऑफर शनिवारपर्यंत. ५,००० टोकन देऊन बसलेत. शिल्लक म्हणाल तर दीड लाखाची एक एफडी. विचारतायत की एफडी मोडू का हप्ते घेऊ.

माझं म्हणणं, दोन्ही नको आणि आत्ता तर नकोच. करूच नका असं नाही म्हणत हां. टकलावर कसले पैसे घालवायचे, पुरुषाला काय फरक पडतो वगैरे म्हणणारी मंडळी खूप असतात, त्यांच्या मुलाला स्थळं यायची असतात तेव्हा तीच मंडळी बायोडेटाला पाच वर्षांपूर्वीचा फोटो लावतात. तुम्ही लिहिलंय की एका ठिकाणाहून "मुलगा वयाने मोठा वाटतो" असा निरोप आला आणि तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. लागतं असं बोलणं, मी ते हसण्यावारी नेणार नाही. पण तुम्ही एक लाख वीस हजाराचा प्रश्न विचारलाय आणि माझ्या मते खर्च एक लाख वीस हजाराचा नाहीचे, तिथेच सगळी गडबड आहे.

आधी महिन्याचं बघू. भाडं ९,०००, खाणं-पेट्रोल-मोबाईल ११,०००, गावी आईला १०,०००, बाईकचा हप्ता ३,२०० (अजून ७ महिने), एसआयपी ४,०००. झाले ३७,२००. उरतात ८,८०० आणि ते कुठे जातात कळत नाही असं तुम्हीच लिहिलंय, सगळ्यांचेच जातात तसे. आता १०,००० चा हप्ता आला की पहिल्याच महिन्याला १,२०० कमी पडणार, म्हणजे एसआयपी बंद नाहीतर क्रेडिट कार्ड. आणि एफडी मोडलीत तर दीड लाखातले रोख भावाने १,०८,००० गेले, बँक मुदतीआधी मोडल्याचा थोडा दंड कापणार, हातात ४० हजारांच्या आसपास. तुमचा न टाळता येणारा खर्च महिन्याला ३३,२०० आहे. म्हणजे आज साडेचार महिन्यांची सोय आहे ती सव्वा महिन्यावर येणार, तेही लग्न तोंडावर असताना आणि घरात दुसरं कमावणारं कोणी नसताना. कंपनीत ले-ऑफ नको व्हायला, आईचं दुखणं नको निघायला, एवढ्या भरवशावर चालायचं.

'नो कॉस्ट'चं गणित तर मजेशीर आहे. रोखीने १,०८,००० आणि हप्त्याने १,२०,००० म्हणजे वस्तूची खरी किंमत १,०८,००० आहे आणि वरचे १२,००० व्याजच आहे, फक्त त्याला व्याज म्हणत नाहीत. दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं हे धरलं तर हे व्याज वर्षाला जवळपास २० टक्के पडतं. त्यावर प्रोसेसिंग फी २ टक्के आणि तिच्यावर जीएसटी असं समजा लागलं तर २,८३२ आधीच जाणार आणि दर २५ टक्क्यांच्या आसपास. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सांगितलंय की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते कुठेतरी लपवलेलं असतं. आता कुठल्याही रिटेल कर्जाला 'की फॅक्ट स्टेटमेंट' म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद द्यावाच लागतो आणि त्यात एपीआर नावाचा वार्षिक दर लिहिलेला असतो, सगळे चार्जेस धरून. क्लिनिकच्या काउंटरवर टॅब पुढे करून ओटीपी मागतात ना, तेव्हा आधी तो कागद मागा, ओटीपी नंतर. कर्ज क्लिनिक देत नाही, मागे कुठलीतरी एनबीएफसी (बँक नसलेली कर्ज देणारी कंपनी) असते, केस नाही आले तरी तिचा हप्ता थांबत नाही आणि चुकला तर सिबिल तुमचं खराब, पुढे घराचं कर्ज काढताना ते निघतं.

जीएसटीचं पण बघा. डॉक्टरकडच्या उपचारावर जीएसटी नसतो म्हणून आपण विचारतच नाही, पण हेअर ट्रान्सप्लांटला ती सूट नाही, नियमात नाव घेऊन वगळलंय (अपघात, भाजणं किंवा जन्मजात दोष यामुळे असेल तर वेगळं). १८ टक्के लागतो. "सगळं धरून" असं तोंडी सांगितलंय म्हणता, ते लिहून घ्या, कारण वरून लावला तर १,२०,००० चे १,४१,६०० होतात. आणि 'बिल नको असेल तर जीएसटी सोडतो' असं कोणी म्हटलं तर बिलकुल हो म्हणू नका, उद्या काही बिघडलं आणि ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर दाखवणार काय. मेडिक्लेममधून होईल का असंही विचारलंय, नाही होत, कॉस्मेटिक सर्जरी पॉलिसीत वगळलेलीच असते, आणि त्यातून काही गुंतागुंत होऊन ॲडमिट झालात तर तो क्लेमसुद्धा वादात अडकू शकतो. इन्कम टॅक्सच्या ८०डी सवलतीत पण बसत नाही.

आता मुख्य मुद्दा. मी डॉक्टर नाही, पण असे प्रश्न इतके येतात की डॉक्टरांकडून समजून घ्यावंच लागलं. ट्रान्सप्लांट म्हणजे नवे केस बनत नाहीत, डोक्याच्या मागचे काढून पुढे लावतात. मागच्या केसांवर डीएचटी हॉर्मोनचा परिणाम फारसा होत नाही म्हणून ते पुढे लावल्यावरही टिकतात, हे खरं. पण पुढे जे तुमचे मूळचे केस आहेत ते गळायचे थांबत नाहीत, त्यांना काय माहीत तुम्ही सव्वा लाख भरलेत. तुमचं गळणं पाच वर्षं चालू आहे, औषध एकही सुरू नाही, वडिलांचं पूर्ण गेलंय. आज २,८०० ग्राफ्ट पुढच्या रेषेत लावून मोकळे झालात आणि पस्तिशीत मधला आणि टाळूचा भाग गेला तर पुढे एक पट्टा आणि मागे मोकळं रान असं दिसणार, मग दुसरी सिटिंग, पुन्हा लाख-दीड लाख. बरं मागचा साठा मर्यादित आहे, एकदा काढलेला ग्राफ्ट तिथे परत उगवत नाही. ते मुद्दल आहे आणि त्यावर व्याज येत नाही, म्हणून २९व्या वर्षी किती खर्चायचं हे विचार करून.

म्हणूनच चांगले डॉक्टर आधी औषध देऊन वर्षभर बघतात, गळणं थांबतंय का, किती परत येतंय. मिनॉक्सिडिल लावायचं आणि फिनास्टेराइड १ एमजी पोटात घ्यायची, दोन्ही जुनी औषधं आहेत, अमेरिकेत पहिलं १९८८ पासून आणि दुसरं १९९७ पासून केसांसाठी मंजूर आहे. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिले काही आठवडे उलट जास्त गळतात, तिथेच निम्मे लोक घाबरून सोडतात आणि बाटलीचे पैसे वाया. फिनास्टेराइडने काही पुरुषांना लैंगिक तक्रारी होतात, प्रमाण कमी आहे पण तुमचं लग्न ठरतंय तर डॉक्टरशी न लाजता बोला. पुढे बायको गरोदर असताना तिने ती तुटलेली गोळी हाताळायची नसते, हेही लक्षात असू द्या. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणून सुरू करायचं हे औषध नाही.

दोन्हीचा खर्च ब्रँडनुसार महिन्याला हजाराच्या आसपास धरा. वर्षाला १२,०००, दहा वर्षांत महागाई न धरता १,२०,०००. आकडा ओळखीचा वाटला का? आणि हे ट्रान्सप्लांटऐवजी नाही, ट्रान्सप्लांट केलं तरी उरलेले केस टिकवायला बहुतेकांना हे चालूच ठेवावं लागतं. म्हणजे तुमचा खरा खर्च एक लाख वीस हजार अधिक जीएसटी (लावला तर) अधिक दर महिन्याचे हजार, कायमचे, अधिक दुसऱ्या सिटिंगची शक्यता. तुमच्या क्लिनिकच्या कोटेशनमध्ये यातलं पहिलंच आहे. उलट बाजूही आहे, औषधाने गळणं थांबलं आणि पुढचे थोडे दाट झाले तर कदाचित २,८०० ऐवजी १,५०० ग्राफ्टमध्ये भागेल किंवा तुम्हालाच वाटेल राहू दे आता.

आणि कारण एकदा तपासून घ्या बरं का. थायरॉइड, लोह कमी असणं, डेंग्यू-टायफॉइडनंतर दोन-तीन महिन्यांनी मूठभर केस येणं, हे सगळं वेगळं असतं आणि बऱ्याचदा भरून येतं. २०२५ च्या सुरुवातीला शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये लोकांचे केस अचानक गेले होते तेव्हा चर्चा सेलेनियम नावाच्या घटकापर्यंत गेली होती, तिथे कोणी ट्रान्सप्लांट विकलं असतं तर काय झालं असतं विचार करा. तुमची गोष्ट वडिलांवर गेल्यासारखी वाटते, पण हे स्किनच्या डॉक्टरने सांगायचं, क्लिनिकच्या काउन्सेलरने नाही, त्याला टार्गेट असतं. सहा पीआरपीचं (आपल्याच रक्तातला प्लेटलेटवाला भाग डोक्यात टोचतात ते) पॅकेज आणि बायोटिन या व्हिटॅमिनच्या गोळ्या 'फ्री' देतायत म्हणालात. पीआरपीचा पुरावा त्या दोन औषधांइतका पक्का नाही, आणि बायोटिनची कमतरता नसेल तर त्या गोळ्यांचा उपयोग नाही. फ्री कसलं, किमतीत धरलेलंच असतं.

लग्नाची घाई म्हणाल तर तीच घाई नडणार आहे. लावलेले केस दोन ते चार आठवड्यांत गळून जातात, हे नॉर्मल आहे, मग तीन-चार महिन्यांनी उगवायला लागतात आणि बघण्यासारखं व्हायला नऊ-दहा महिने, कधी वर्ष. शिवाय मशीन मारतात ते वेगळं. म्हणजे या शनिवारी केलंत तर पुढचे चार-पाच महिने, नेमक्या कांदेपोह्यांच्या सीझनला, आत्तापेक्षा वाईट दिसणार. काउन्सेलरने हे सांगितलं का? तुमच्या मेलमध्ये तरी नाही.

तर करायचं काय. या आठवड्यात स्किनच्या एमडी डॉक्टरकडे जा, फी आणि रक्ततपासणीचा खर्च या महिन्याच्या ८,८०० मधूनच भागवा. पुढच्या महिन्यापासून १,५०० औषध आणि फॉलोअपला, ५,००० ची आरडी पगाराच्या दुसऱ्या दिवशी कापली जाईल अशी लावा. सात महिन्यांनी बाईक फिटली की ते ३,२०० पण त्यात, म्हणजे ८,२००. अठरा महिन्यांत ३५,००० आणि ९०,२०० मिळून १,२५,२०० होतात, व्याज वेगळं, बोनस आला तर अजून लवकर. वीस महिने थांबलात तर १,४१,६००, म्हणजे जीएसटी लावला तरी पुरतात. हे पैसे इक्विटी फंडात टाकू नका, मुदत लहान आहे. एसआयपीला आणि एफडीला हात नाही. तोवर औषधाचं वर्ष पूर्ण झालेलं असेल आणि तेव्हा रोख भाव करायला तुम्ही बसाल, समोरचा नाही. मधेच लग्न ठरलं आणि पैसे तिकडे लागले तर लागू देत, केसांचं थांबतं, हॉल बुक केल्यावर हॉलवाला थांबत नाही.

तेव्हा कुठे करायचं हे निवडताना भाव शेवटी बघा. ग्राफ्ट म्हणजे एक केस नव्हे, एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात, त्यामुळे एकाचे '५,००० केस' आणि दुसऱ्याचे '२,८०० ग्राफ्ट' हे साधारण एकच असू शकतं. तुमचा भाव ग्राफ्टला ४३ रुपये पडतोय. ४५,००० मध्ये अनलिमिटेड वगैरे जाहिराती आहेत त्यांच्याकडे विचारा की छेद कोण देणार, डॉक्टर की टेक्निशियन, डॉक्टरची डिग्री काय, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नंबर काय. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट म्हटलंय की वर्कशॉप किंवा यूट्यूब बघून हे शिकता येत नाही. असं म्हणायची वेळ का आली असेल बघा. २०१९ मध्ये मुंबईत एकाच बैठकीत हजारो ग्राफ्ट लावून घेतलेल्या एका माणसाचा दोन दिवसांत जीव गेला होता. एरवी सुरक्षित आहे, पण सर्जरी आहे, सलून नाही.

राहिलं टोकन. पावतीवर 'नॉन रिफंडेबल' छापलंय का बघा, छापलं असलं तरी मेल टाका की आधी डॉक्टरी सल्ला घ्यायचाय, प्रोसिजर पुढे ढकलतोय, ५,००० परत करा किंवा तारीख न टाकता जमा ठेवा. फोनवर बोलू नका, लिहूनच. दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. बुडालेच तर ५,००० बुडाले, त्यांच्या पायी उरलेले १,१५,००० भरायला जाऊ नका. ऑफर शनिवारी संपतेय, त्यामुळे मेल शुक्रवारपर्यंत गेलेला बरा, आणि एफडीच्या ॲपमधलं 'प्रीमॅच्युअर क्लोजर' उघडून ठेवलं असेल तर ते बंद करा.