जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे ठिबकच्या सर्व्हिसला शेतावर गेल्यावर शेतकऱ्याची सही थेट लॅपटॉपवर कशी घ्यावी?

रावेर-यावलकडे फिरता म्हणजे समोरचा माणूस केळीच्या बागेतून, चिकाने काळे पडलेले हात घेऊन येणार. टचपॅडवर बोटाने सही मागूच नका, नुसत्या रेघोट्या उमटतात. यूएसबीचं सिग्नेचर पॅड किंवा साधा पेन टॅब्लेट घ्या. तो गाडीच्या बॉनेटवर सपाट ठेवा, लॅपटॉप सावलीत. मे महिन्याच्या उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही.

सर्व्हिसचा रिपोर्ट पीडीएफमध्ये ठेवा. अॅक्रोबॅट रीडरच्या 'फिल अँड साइन'मध्ये सही काढता येते. सातपुड्याच्या पायथ्याशी रेंजचा भरवसा नाही, म्हणून घरीच नेट बंद करून एकदा चालवून बघा. सहीआधी रिपोर्ट वाचून दाखवा, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सही झाली की 'प्रिंट टू पीडीएफ' करून प्रत व्हॉट्सअॅपवर पाठवा. शेतकऱ्याकडे प्रत असली की नंतर वाद होत नाही.

मात्र अशी काढलेली सही म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधली इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी नव्हे. त्यासाठी डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्र किंवा आधार ई-साइन (आधारवरून ओळख पटवून केलेली ऑनलाइन सही) लागतं. काम झाल्याची पोच म्हणून मात्र पॅडवर काढलेली सही पुरते. मोठ्या रकमेच्या करारनाम्याला ई-साइन किंवा कागदच बरा. अंगठा देणाऱ्या म्हाताऱ्या बाबांसाठी छापील फॉर्म आणि शाईचा पॅड गाडीत असू द्या.