बझरला स्वतःचा फ्लोट हवा

प्रश्न : आमचा ४८ फुटी लाकडी ट्रॉलर आहे, बॅटरी २४ व्होल्टची. इंजिन रूमच्या तळाला पाणी साचलं की फ्लोटवर (पाण्याबरोबर वर उचलला जाणारा स्विच) पंप आपोआप चालू होतो. मुलगा म्हणतो, पाणी वाढल्याचा अलार्मही बसवू. पंपाच्याच फ्लोटला बझर जोडला तर चालेल का?
– एक वाचक, हर्णै

उत्तर : नाही चालणार, दादा. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोटींचं वायरिंग करायला लागलो तेव्हा मी एकाला असाच बझर जोडून दिला होता. रात्री जयगडबाहेर त्यांच्या शाफ्टच्या ग्लँडचं पॅकिंग, म्हणजे पंख्याचा दांडा नौकेबाहेर जातो तिथलं पाणी अडवणारं सील, गेलं. पाणी आत यायला लागलं, आणि पंपाच्या पंख्यात जाळ्याचा नायलॉनचा धागा गुंतला, पंप जाम झाला, फ्यूज उडाला. बझर त्याच फ्यूजवर, त्यामुळे तोही गप्प. इंजिनाचं फ्लायव्हील (फिरणारं जड चाक) पाणी उडवायला लागलं तेव्हा कुठे तांडेलाला, म्हणजे नौकेच्या प्रमुखाला, कळलं. बादल्यांनी उपसत सगळे सुखरूप बंदरात आले. माझ्या हातून झालेली ती चूक मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून बझरला फ्लोट वेगळा, वायर वेगळी, फ्यूज वेगळा. पंपाच्या फ्लोटपेक्षा चार-पाच बोटं वर बसवा, पण फ्लायव्हील आणि स्टार्टरच्या बराच खाली. म्हणजे रोजच्या थेंबथेंब पाण्याला तो ओरडणार नाही. पंपाला पाणी आवरेना झालं, तरच वाजेल. जागा नौकेच्या मधल्या रेषेत घ्या. कडेला लावलात तर हेलकाव्याबरोबर उगाच वाजत राहील, आणि मग खलाशी त्याची वायरच काढून टाकतात. तळाच्या फळीत स्क्रू मारू नका, इंजिनाच्या फाउंडेशनला पट्टी मारून तिच्यावर बसवा.

वेळ किती कमी असतो ते सांगतो. पाण्याच्या रेषेखाली दोन फुटांवर एक इंची पाइप निसटला, तर मिनिटाला साधारण ६० लिटर पाणी आत येतं.

वायर कलई केलेल्या तांब्याची घ्या, साधी वायर खाऱ्या हवेत आतून काळी पडते. बॅटरीपासून वीतभर अंतरात ५ अँपिअरचा फ्यूज टाका, लाइन मेन स्विचच्या आधीच काढा. नौका धक्क्याला बांधून सगळे घरी गेले तरी अलार्म जिवंत राहिला पाहिजे. जोड पाण्यापासून उंच ठेवा. बझर इंजिन रूममध्ये नको, तिथे काही ऐकू येत नाही. सुकाणूजवळ लावा, सोबत लाल दिवा द्या, आणि जमलं तर केबिनबाहेर एक हूटर, म्हणजे शेजारच्या नौकेवरचं कुणीतरी ऐकेल.

३१ जुलैपर्यंत पावसाळी मासेमारीबंदी आहे, नौका शाकारलेली (पावसाळ्यासाठी झाकून ठेवलेली) आहे, तेवढ्यात काम उरकून घ्या. नंतर दर फेरीआधी फ्लोट बोटाने उचलून बघा. त्याने वायरिंग कळतं. पण डिझेल आणि ग्रीस साचून फ्लोट चिकटलाय का, हे बादल्यांनी पाणी ओतल्यावरच कळतं. पंप बंद ठेवून महिन्यातून एकदा तेही करा.