एखाद्या लष्करी हेलिकॉप्टरला स्वतःचा इतिहास असतो का?

तुम्ही विचारलंय की युद्धनौकांची नावं लोकांच्या लक्षात राहतात, तसं सैनिक आणि सामान वाहणारं एखादं हेलिकॉप्टर कधी गाजलंय का. गाजलंय, आणि माझ्या मते त्याच्या तोडीचं दुसरं नाही. ब्रिटिश हवाई दलाचं चिनूक जातीचं हेलिकॉप्टर, क्रमांक झेडए ७१८. अंगावर 'बीएन' अशी अक्षरं होती. रेडिओवर बोलताना बीला ब्राव्हो आणि एनला नोव्हेंबर म्हणतात, म्हणून सगळे त्याला 'ब्राव्हो नोव्हेंबर' म्हणत.

मी जुहूला हेलिकॉप्टरच्या देखभालीत बरीच वर्षं काढली. प्रत्येक हेलिकॉप्टरची लॉगबुकं कारखान्यातून बाहेर पडल्यापासून त्याच्याबरोबर असतात. कोणता भाग कधी बदलला, किती तास उडालं, सगळं त्यात. म्हणून इतिहास असतो का, या प्रश्नाला आमच्या धंद्यातला माणूस क्षणभरही अडखळणार नाही.

१९८२ च्या एप्रिलमध्ये अर्जेंटिनाने दक्षिण अटलांटिकमधली, ब्रिटनच्या ताब्यातली फॉकलंड बेटं घेतली, तेव्हा ब्रिटनकडची चिनूक अगदी नवी होती. त्यातली काही 'अटलांटिक कन्व्हेयर' या व्यापारी जहाजावरून दक्षिणेला निघाली. लांबच्या समुद्रप्रवासासाठी त्यांची पाती काढून ठेवलेली होती, ती बेटांजवळ पोचल्यावर पुन्हा बसवायची होती. २५ मे रोजी अर्जेंटिनाच्या विमानांनी सोडलेली एक्झोसेट क्षेपणास्त्रं या जहाजावर आदळली. जहाजाचे कप्तान इयन नॉर्थ यांच्यासह १२ जण गेले. तीन चिनूक जहाजाबरोबर संपली. ब्राव्हो नोव्हेंबर त्या वेळी हवेत होतं. परतायला जहाजच उरलं नव्हतं, म्हणून ते 'हर्मिस' या विमानवाहू नौकेवर उतरलं.

त्याला नशीबवान म्हणतात ते या प्रसंगामुळे. पण नशीब तिथेच संपलं. सुटे भाग, अवजारं, देखभालीची पुस्तकं, सगळं जळालं होतं. आमच्याकडे इतके तास उडालं की हे उघडून बघायचं, तितके तास झाले की ते बदलायचं, असा काटेकोर हिशेब असतो. एखादी ठरावीक पान्याची जोडी सापडली नाही तरी हँगरमध्ये काम थांबतं. त्या माणसांनी काहीही हाताशी नसताना, उघड्यावर, दक्षिण गोलार्धाच्या हिवाळ्याच्या तोंडावर ते यंत्र युद्ध संपेपर्यंत उडतं ठेवलं. मला सगळ्यात मोठं वाटतं ते हे.

चिनूकला दोन मोठे रोटर, म्हणजे वरचे फिरते पंखे, असतात, एकमेकांच्या उलट फिरणारे. त्यामुळे शेपटीचा छोटा रोटर लागत नाही आणि इंजिनांची ताकद वजन उचलायलाच कामी येते. सुमारे दहा टन माल ते उचलतं. त्या बेटांवर रस्ते जवळजवळ नव्हते, दलदलच जास्त. चारपैकी एकच चिनूक उरल्यामुळे कितीतरी सैनिकांना पाठीवर ओझं घेऊन चालतच बेट पार करावं लागलं. म्हणून या एका यंत्राच्या प्रत्येक फेरीला मोल आलं.

३० मेच्या रात्री स्क्वॉड्रन लीडर डिक लँगवर्दी आणि सहवैमानिक अँडी लॉलेस यांनी १०५ मिलिमीटरच्या तीन तोफा माउंट केंट या डोंगरावर पोचवल्या. परतताना हिमवर्षावात, उंची दाखवणाऱ्या यंत्राने दगा दिल्यावर, हेलिकॉप्टर चांगल्याच वेगात पाण्याला लागलं. इंजिनांत पाणी उडालं, ताकद पडली, लॉलेस यांच्या बाजूचं दार निघून गेलं. तरीही ते पुन्हा वर उठलं आणि तळावर परतलं. हवेत असताना पाण्याचा असा मार खाल्लेलं यंत्र आमच्याकडे आलं असतं तर ते किती दिवस उघडून पडलं असतं! तिथे त्याला एवढी उसंत नव्हती.

२ जूनला तर कमालच झाली. फिट्झरॉयमध्ये शत्रू आहे का, हे ब्रिटिशांनी चक्क तिथल्या वस्तीला फोन करून विचारलं. 'गेले' असं उत्तर आल्याबरोबर हे चिनूक कामाला लागलं. साधारण चाळीसेक माणसांच्या जागेत ८१ छत्रीधारी सैनिक उभे राहून गेले. पुढच्या फेरीतही तशीच गर्दी. युद्ध संपेपर्यंत दीड हजारांच्या वर सैनिक, शेकडो युद्धकैदी, जखमी आणि शेकडो टन माल याने वाहिला. लँगवर्दी यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे शौर्यपदक मिळालं. पुढच्याच वर्षी त्यांचं निधन झालं.

नंतर लेबनॉन, उत्तर आयर्लंड, कुर्दिस्तान. २००३ च्या मार्चमध्ये इराकच्या अल फॉ द्वीपकल्पावर रात्री मरीन्स उतरवताना हे चालवणारे स्टीव्ह कार, २००६ मध्ये अफगाणिस्तानात हेल्मंड प्रांतातून जखमींना आणणारे क्रेग विल्सन, आणि २०१० मध्ये तिथेच इयन फॉर्च्यून. या तिघांनाही तेच पदक. फॉर्च्यून यांच्या हेल्मेटला समोरून गोळी लागली, चेहरा रक्ताळला, आणि तशाच अवस्थेत त्यांनी बिघडलेलं हेलिकॉप्टर जखमींसह कँप बॅस्टियन या ब्रिटिश तळावर आणलं. एकाच हेलिकॉप्टरवर चार वैमानिकांना चार पदकं!

कुणी म्हणेल, इतक्या वर्षांत त्याचं मूळचं राहिलंय काय? खरं आहे, ब्रिटिशांनी आपल्या जुन्या चिनूकना वेळोवेळी नवं रूप दिलं आणि हेही त्यातून गेलं. रोटरची पाती, गिअरबॉक्स, इंजिनं तर कोणत्याही हेलिकॉप्टरची बदलतातच. पण सांगाडा आणि क्रमांक तोच असेल, तर आमच्या लेखी यंत्र तेच.

२०२२ मध्ये ते निवृत्त झालं. आता ते इंग्लंडमध्ये कॉसफर्डच्या हवाई दल संग्रहालयात आहे आणि तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत. आपल्या हवाई दलानेही २०१९ पासून १५ चिनूक घेतली, ती नव्या पिढीची आहेत. इंग्लंडला जाणं झालं तर कॉसफर्डला जा, आणि त्याच्या मागच्या उताराशी उभं राहून आत ८१ माणसं कशी मावली असतील याचा अंदाज घेऊन बघा.